खोक्यावरचा चहा

रविवारी सकाळी पहिली पाटी अजून अर्धीही भरली नव्हती, तेवढ्यात हाजी मितवल्लीचा वसुलीचा माणूस मोटारसायकलीवरून थेट लसणाच्या शेडमध्ये शिरला. शेड म्हणजे निलगिरीचे सहा वासे आणि वर खजुरीच्या झावळ्या. खाली वीस-बावीस बायका ओळीनं जमिनीवर बसलेल्या. प्रत्येकीच्या पुढ्यात वाळलेल्या लसणाचा ढीग, डाव्या अंगाला पाटी, उजव्या हातात कात्री. पात दोन बोटं राखून छाटायची, मुळ्या तळाशी घासून कापायच्या, मातकट साल अंगठ्यानं चोळून काढायचं आणि गड्डी पाटीत टाकायची. एका पाटीला पाच इजिप्शियन पौंड मिळत. रतीबाच्या दिवसाकाठी बारा पाट्या होत, हात साथ देतील त्या दिवशी चौदा.

त्या माणसानं इंजिन बंद केलं नाही. त्यामुळे त्याला ओरडूनच बोलावं लागलं, आणि ओरडायला मिळावं म्हणूनच त्यानं ते बंद केलं नव्हतं.

"हानिमची आई कोण?"

तो रतीबाला चांगला ओळखत होता. सात वेळा घरी येऊन तिच्या हातचा चहा प्यायला होता. रतीबानं कात्रीचा हात वर केला.

"हाजींचा निरोप हाय. गुरुवारपर्यंत. गुरुवारी दुपारच्या नमाजानंतर नऊच्या नऊ पावत्या ठाण्यावर जाणार. मागाहून म्हणू नका, सांगितलं नाय."

एवढं बोलून तो धुरळा उडवत निघून गेला. बाहेर खमसीनचा वारा सुटलेलाच होता. वाळवंटातली तापलेली धूळ झावळ्यांतून खाली झरत होती आणि लसणानं सोललेल्या बोटांवर बसून झोंबत होती. शेजारी बसलेल्या सब्रीननं आपल्या पाटीतल्या दोन ओंजळी गड्ड्या उचलून रतीबाच्या पाटीत टाकल्या आणि काही झालंच नाही अशी कात्री चालवायला लागली. रतीबाला माणसाच्या ओरडण्यापेक्षा त्या दोन ओंजळींनीच जास्त लाज वाटली.

पावती म्हणजे साधी देण्याची पावती असती, तर एवढी भीती नव्हती. ही अमानतीची पावती. 'अमक्याला नेऊन द्यायला म्हणून मी तमक्याकडून इतकी रक्कम सांभाळायला घेतली' असं त्यावर छापलेलं असतं. रक्कम दिली नाही की ते देणं राहत नाही, ती चोरी ठरते आणि चोरीला तुरुंग. रतीबाच्या नऊच्या नऊ पावत्या कोऱ्या होत्या. खाली तिचा अंगठा, वर रक्कम लिहायची जागा मोकळी. हाजीच्या मनात येईल तो आकडा तिथे बसणार होता. तिच्याच गावातल्या, नझलत सालिममधल्या, दोन बायका अशाच पावत्यांपायी आत जाऊन आल्या होत्या. त्यातली एक परत आली तेव्हा तिच्या धाकट्या पोरानं तिला ओळखलं नव्हतं.

आता खरं बोलायचं तर दोष रतीबाचाही होताच, आणि तो तिला पाठ होता.

दोन वर्षांपूर्वी हानिमचं लग्न ठरलं. इथली रीत अशी की मुलीचं आंदण लग्नाच्या आधी उघड्या टेम्पोंतून, वाजतगाजत, सगळ्या गावाला वळसा घालून नवऱ्याच्या घरी न्यायचं. फ्रीज, शेगडी, भांडी, गाद्या, काचसामानाचं कपाट, सगळं लोकांना दिसेल असं रचायचं. बायका दारात उभ्या राहून टेम्पो मोजतात. रतीबाच्या जावेच्या मुलीचे दोन टेम्पो गेले होते. नवरा शहाता तेव्हा धडधाकट होता, खजुरीच्या झाडांवर चढायचा, कमरेला दोर लावून एका दिवसात तीस झाडं करायचा. तो म्हणाला होता, एक टेम्पो पुरे, अंथरूण पाहून पाय पसरावे. रतीबानं ऐकलं नाही. तिच्या स्वतःच्या लग्नात दोन गोधड्या आणि एक पितळी घंगाळ गाढवावरून गेलं होतं, आणि चौकात कुणीतरी हसलं होतं. ते हसणं तिनं बावीस वर्षं सांभाळून ठेवलं होतं. हानिमचे तीन टेम्पो गेले.

तिसरा टेम्पो हाजी मितवल्लीच्या उधारीवर भरला होता. तालुक्याच्या गावी त्याचं दुकान. रतीबा गेली होती लहान फ्रीज बघायला. हाजीनं तिला खुर्ची दिली, चहा मागवला, मुलगी कितवी, नवरा काय करतो, व्याही कोण, सगळं आपुलकीनं विचारलं आणि मग म्हणाला, लहान फ्रीज काय, लहान फ्रीज विधवा घेतात. पैशांचं काय ते अल्ला बघेल, महिन्याला हजार टाका. शहाता वर्षाचे मिळून किती कमावतो हे त्यानं एकदाही विचारलं नाही. रोखीनं जे सामान चोवीस हजाराला मिळालं असतं ते कागदावर बत्तीसला पडलं. सहा पावत्यांवर अंगठे झाले. अंगठा पुसायला हाजीनं स्वतःचा रुमाल दिला होता, तेव्हा रतीबाला केवढं बरं वाटलं होतं.

तेरा महिने तिनं हजारामागून हजार नेऊन टाकले. मग गेल्या वसंतात शहाता झाडावरून पडला.

तो आता दारातल्या सावलीत बसून खजुरीच्या फांद्यांचे क्रेट बांधायचा. डावा पाय लांब केलेला, कमरेत ऑपरेशननं घातलेली सळई. चढायचा दोर अजून खुंटीवर होता, तो काढायचं कुणाला धाडस झालं नव्हतं. संध्याकाळी रतीबानं गुरुवारचं सांगितलं तेव्हा त्यानं फांदीला भोक पाडता पाडता ऐकून घेतलं.

"मी सांगत होतो, एक टेम्पो," तो म्हणाला.

"सांगत होतास."

"मग आता?"

"आता तू पण झाडावर नीट चढायचं होतंस," रतीबा म्हणाली, आणि बोलून गेल्यावर तिला स्वतःचीच जीभ चावावीशी वाटली. शहातानं मात्र मान हलवली. तेही खरंच, असं म्हणाला. मग दोघं भाकरी आणि खारं जुनं चीज खाऊ लागली. धाकटी कौसर, पंधरा वर्षांची, दोघांच्या तोंडाकडे बघत होती.

सोमवारी रतीबा कालव्यापलीकडे हानिमच्या घरी गेली. मनाशी ठरवून गेली होती, की फ्रीज परत मागायचा आणि हाजीच्या दारात नेऊन ठेवायचा. विहीणबाईंनी बसायला घातलं. फ्रीज ओसरीतच होता, अंगावरचा नायलॉनचा कागद अजून तसाच. बोलता बोलता विहीणबाईंनी तो उघडला आणि आतून रतीबासाठी उशी काढली. आत गोधड्या होत्या, चादरी होत्या, तळाशी हिवाळ्याचे सदरे होते. एवढा मोठा फ्रीज चालवला तर विजेचं बिल कोण भरणार, त्यापेक्षा कपडे राहतात, उंदीर लागत नाही, असं त्यांनी सांगितलं. रतीबानं फ्रीजचा विषय काढला तेव्हा त्यांचा चेहरा बदलला. आंदणाच्या यादीवर त्यांच्या मुलानं सही केली होती. यादीतली प्रत्येक वस्तू त्याच्याकडे बायकोची अमानत. फ्रीज घरातून गेला आणि उद्या नवरा-बायकोत बिनसलं, तर त्याची भरपाई त्यालाच करावी लागायची. मुलाला तुरुंगात घालायला त्या तयार नव्हत्या, आणि ते काही चुकीचं नव्हतं.

एकाच फ्रीजवर दोन कागद होते, एक आईच्या गळ्यात आणि एक जावयाच्या. आत गोधड्या.

हानिम तिला कोपऱ्यापर्यंत सोडायला आली. निघताना आईच्या हाती पिठाची पिशवी दिली आणि खाली बघत म्हणाली, "मोठा फ्रीज मला नको होता, आई. तुला हवा होता."

रतीबा पिठाची पिशवी घेऊन कालव्याच्या कडेनं चालत आली. वाऱ्यानं डोळ्यांत धूळ जात होती, म्हणून डोळे पुसायला निमित्त तरी होतं.

मंगळवारी अर्ध्या दिवसाची मजुरी सोडून ती हाजीच्या दुकानात गेली. हाजी मितवल्ली जाडसर, हसऱ्या तोंडाचा, जपमाळ फिरवणारा माणूस. दुकानाच्या मध्यभागी धुण्याच्या मशीनचं भलंमोठं खोकं होतं, आणि त्याचंच त्यानं टेबल केलं होतं. त्यावर हिशेबाची वही, शाईची डबी आणि चहाचा ग्लास.

त्यानं तिला ओरडून काही म्हटलं नाही. उलट शहाताच्या कमरेची चौकशी केली. मग म्हणाला की माझाही नाइलाज आहे, माझ्या पावत्या कैरोच्या ठोक व्यापाऱ्याकडे आहेत, तो मला धरतो म्हणून मी तुम्हाला धरतो. पण मार्ग आहे.

"गेल्या साली शहाताच्या सळईसाठी मशीन घेतलं होतंत ना, तसंच आणखी एकदा घ्या. सहा हजाराला लिहितो. साडेतीन रोख तुमच्या हातात. त्यातले तीन लगेच माझ्याकडे भरा, मागचे तीन हप्ते फिटले. अर्धा हजार घरी न्या. गुरुवारचं मी बघतो."

गेल्या साली असंच झालं होतं. डॉक्टरनं सळईचे पैसे आधी मागितले होते. रतीबानं याच दुकानात सहा हजाराचं मशीन उधार 'विकत घेतलं', आणि जागेवरच हाजीला साडेतीन हजारांना परत 'विकलं'. मशीन जागचं हललं नाही. तीन पावत्यांवर अंगठे झाले आणि नोटा हातात आल्या. याला दुकानात 'जाळणं' म्हणतात. माल जाळायचा आणि रोख घ्यायची. आगीतून फुफाट्यात जाणं हेच असतं, पण पायाखाली आग असली की फुफाटा दिसत नाही.

रतीबानं होकार दिला. दुसरं तिला सुचलंच नाही. हाजीनं शाईची डबी पुढे सरकवली, कोरी पावती ठेवली. तिनं अंगठा शाईत बुडवून कागदावर टेकवला. कागदावर नुसता निळा डाग उमटला. हाजीनं दुसरी पावती काढली. पुन्हा डागच. महिनाभर लसणाचं साल चोळून चोळून अंगठ्याचं कातडं सोलून गेलं होतं, त्यावर एकही रेघ उरली नव्हती. डावा अंगठाही तसाच.

हाजी पहिल्यांदाच वैतागला. त्यानं अंगठा उजेडात धरून पाहिला, बकरीचा कान बघावा तसा. मग सांगितलं, तेल लावा, दोन दिवस लसणाला हात लावू नका आणि गुरुवारी सकाळी या.

तो पावत्या आत ठेवायला गेला, तेवढा वेळ रतीबा खोक्यासमोर उभी राहिली. खोक्याचा एक कोपरा चेपलेला, त्यावर तपकिरी चिकटपट्टी. आणि वर सगळीकडे चहाच्या ग्लासाचे गोल, एकावर एक, काही जुने पुसट, काही ताजे. गेल्या साली ती अंगठा देताना ग्लासाखालचा गोल ओला होता, हे तिला आठवलं. चिकटपट्टीही आठवली. आपलं मशीन, तिच्या मनात आलं, आणि लगेच हसूही आलं.

बुधवारी ती शेडमध्ये आलीच. तेल लावून घरी बसलं तर साठ पौंड बुडत होते. सब्रीननं विचारलं, काल कुठे होतीस. रतीबाला ते सांगायचं नव्हतं, पण आतून इतकं भरून आलं होतं की कात्री चालवता चालवता तिनं सगळं सांगून टाकलं. मशीन, साडेतीन हजार, न उमटलेला अंगठा.

सब्रीनची कात्री थांबली. ती विधवा, तोंडाची फटकळ, पण आता तिचा आवाज हळू झाला.

"कोपऱ्याला तपकिरी पट्टी हाय का त्या खोक्याला?"

"हाय."

"आणि वर चहाचे डाग?"

"तुला काय ठाऊक?"

"ते मशीन माझं हाय," सब्रीन म्हणाली. "पोराच्या पासपोर्टासाठी घेतलं होतं मी. रमजानच्या आधी."

समोरच्या ओळीतून एकीनं मान वर केली. तिनं म्हैस मेली तेव्हा घेतलं होतं. तिच्या पलीकडची म्हातारी म्हणाली की मी घेतलं तेव्हा डाग दोनच होते. आणखी एक निघाली. पाच जणी. दर हंगामात शेजारी बसून लसूण छाटत होत्या, एकमेकींच्या नवऱ्यांच्या खोड्या सांगत होत्या, आणि ही एक गोष्ट प्रत्येकीनं पोटात ठेवली होती. प्रत्येकीला वाटत होतं, अब्रू आपलीच गेलेली आहे.

आधी हसू फुटलं. म्हातारी तर हसता हसता पाटीवर कलंडली. सब्रीन म्हणाली, बायांनो, आपण सवती आहोत, एका मशीनच्या पाच. मग हसू ओसरलं आणि कात्र्या पुन्हा चालू लागल्या. रतीबानं हातातली गड्डी पाटीत टाकली आणि म्हणाली, "सहा हजाराला मशीनच लिहिलंय आपल्या नावावर. मग मशीन का न्यायचं नाय?"

गुरुवारी सकाळी पाच जणी सब्रीनची गाढवगाडी घेऊन तालुक्याच्या गावी गेल्या. बाजाराचा दिवस होता. दुकानात गिऱ्हाईक होतं, एक आई आणि तिची लग्नाची मुलगी, मोठा फ्रीज बघत होत्या. हाजीनं रतीबाला पाहून शाईची डबी काढली.

"अंगठा नंतर," रतीबा म्हणाली. "मी माझं मशीन न्यायला आले, हाजी. उधारीवर घेतलंय, देणं देईन. पण माल द्या."

हाजी हसला. थट्टा करता का, म्हणाला. मग सब्रीन पुढे झाली आणि तिनंही आपलं मशीन मागितलं. मग तिसरी, चौथी, आणि काठी टेकत म्हातारी. एकीनंही आवाज चढवला नाही. पाच जणी खोक्याभोवती उभ्या राहिल्या, आणि ज्याला त्याला कळावं म्हणून म्हातारीनं खोक्यावर हात ठेवून विचारलं, हे माझं, मग ह्यांची चार कुठे आहेत? दारात माणसं जमली. मोठा फ्रीज बघणाऱ्या आईनं मुलीचा हात धरला आणि ती हळूच बाहेर पडली. हाजीची नजर त्या दोघींच्या पाठीमागे गेली, आणि तेव्हा कुठे त्याचं तोंड उतरलं.

तडजोडीची बैठक त्यानंच मागितली. ठाण्यावर गेला असता तर कायदा त्याच्याच बाजूनं होता, पण बाजार कायद्यावर चालत नाही. दुपारच्या नमाजानंतर शेख दसूकीच्या बैठकीच्या खोलीत माणसं जमली. दसूकी ऐंशीला टेकलेला, एका कानानं बहिरा. जन्मभर म्हशींचा व्यापार केलेला आणि आता गावोगावचे तंटे तोडणारा. हाजी कोचावर बसला. बायका दाराशी चटईवर. नऊ पावत्या मधे ठेवल्या होत्या, आणि रतीबाला त्यांच्याशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं. ह्या खोलीतून एक तर ती घरी जाणार होती, नाहीतर ठाण्यावर.

"अंगठे तुझे?" दसूकीनं विचारलं.

"माझेच."

"कुणी हात धरला होता?"

"नाय."

मग हाजीची पाळी आली. तो मोठ्यानं बोलला, दसूकीच्या बहिऱ्या कानासाठी आणि खिडकीतल्या लोकांसाठीही. मी कुणाच्या गळ्यावर सुरी ठेवली नाही, म्हणाला. ही बाई स्वतः चालत आली. लहान फ्रीज बघून मोठा हिनंच मागितला. आज हिनं बुडवलं, उद्या दुसरी बुडवेल, मग मी पोरांना काय खाऊ घालू? दहा बायका हप्ता चुकवतात तेव्हा कैरोचा व्यापारी मला विचारतो, त्यांना नाही. खोलीतल्या दोघा-तिघांनी मान डोलावली. बोलणं खोटं नव्हतंच.

दसूकीनं रतीबाकडे पाहिलं.

"फ्रीज माझी चूक," ती म्हणाली. "तिसरा टेम्पो माझी हौस. पोरीला नको होता, नवऱ्याला नको होता, मला हवा होता. ते देणं माझं, मी फेडीन, मेले तर माझी मुलं फेडतील. पण मशीन मी कधी पाहिलं पण नाय, शेख. मी खोकं पाहिलं. त्यावर हाजी चहा पीत होते."

खिडकीत कुणीतरी हसलं. दसूकी हसला नाही. त्यानं हाजीला विचारलं, ते मशीन दुकानात कधी आलं. दोन वर्षं झाली, हाजी म्हणाला. किती वेळा विकलंस? हाजी जपमाळ फिरवू लागला. पाच वेळा, असं दारातून म्हातारीनं सांगितलं.

"मी चाळीस वर्षं म्हशी विकल्या," दसूकी म्हणाला. "एक म्हैस पाच जणांना विकली असती, तर लोकांनी मला तिच्याच शेपटीला बांधून फिरवला असता. बरं, हिचा फ्रीज. शहाता काय कमावतो, हे विचारलं होतंस?"

"दुसऱ्याच्या चुलीवर काय शिजतंय ते मी कशाला बघू?"

"मुलगी कोणाची, लग्न कधी, व्याही कोण, हे बघितलंस. चुलीपर्यंत गेलास आणि तिथंच डोळे मिटलेस." दसूकीनं कोऱ्या पावत्यांवर बोट ठेवलं. "घेणाऱ्यानं आपलं अंथरूण बघायचं, हे खरं. पण गोधडी विकणाऱ्याला तर ते आधी दिसतं."

मग त्यानं तोडगा सांगितला आणि लिहून घेतला. फ्रीज आणि बाकी आंदण रतीबानं घेतलं, तेव्हा देणं तिचंच. पण चोवीसचे बत्तीस झाले त्यातले वरचे आठ हजार दोघांनी अर्धे अर्धे सोसायचे. तेरा दिलेत, पंधरा उरले. मशीनचे म्हणून साडेतीन हजार रोख हातात पडले तेवढेच परत, एक पौंड वर नाही, आणि बाकीच्या चौघींनाही हाच हिशेब. कोऱ्या पावत्या इथेच फाडायच्या, नवा कागद सगळ्यांसमोर आकडा घालून करायचा. हप्ता हंगामाच्या हंगामाला. आणि एक माल पाच वेळा विकल्याबद्दल दंड म्हणून ते मशीन पाच जणींचं.

साडेअठरा हजार. लसणाचे तीन हंगाम, कदाचित चार. रतीबानं मनात पाट्या मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. पण आकडा लिहिलेला होता. आता तो कुणाच्या मर्जीनं वाढणार नव्हता. नव्या कागदावर अंगठा काही केल्या उमटेना, तेव्हा दसूकीनं तिचा हात बघितला आणि म्हणाला, राहू दे, तुझा शब्द पुरे, इतके लोक ऐकतायत. हाजीनं पावत्या फाडल्या. चौथ्या पावतीला रतीबा रडायला लागली आणि नववी फाटेपर्यंत थांबली नाही.

दुकानातून खोकं बाहेर काढताना हाजीनं वरची वही बगलेत घेतली, शाईची डबी खिशात टाकली आणि चहाचा ग्लास हातात धरला. ग्लास ठेवायला दुसरी जागा त्याला सापडेना, तो तसाच उभा राहिला. गाडीवर दोर आवळायला मात्र तो स्वतः पुढे झाला, आणि गाठ मारता मारता हलक्या आवाजात म्हणाला, "कौसरचं ठरेल तेव्हा दुसरीकडे जाऊ नका, हानिमच्या आई. मी मनात काही ठेवत नाय."

दुकानाच्या काचेत मोठा फ्रीज उभा होता. रतीबाची नजर तिकडे गेलीच. जाऊ नये असं वाटूनही गेली.

"येईन," ती म्हणाली. "एकाच टेम्पोचं घ्यायला."

वारा पडला होता. गाढवगाडी कालव्याच्या कडेनं नझलत सालिममध्ये शिरली, तेव्हा खोक्याच्या दोन्ही अंगांना दोन-दोन जणी बसल्या होत्या, आणि रतीबा मागे पाय सोडून, एक हात खोक्याला लावून. आधी मशीन कुणाच्या घरी राहणार यावरून भांडण झालं, मग वार वाटून घेतले. म्हातारीला शुक्रवार मिळाला. दारादारांतून बायका बाहेर येऊन बघत होत्या. आंदण कुणाचं, एकीनं विचारलं. सब्रीननं सांगितलं, आमचं पाच जणींचं, नवरा अजून ठरायचाय.

पुलाजवळ हानिमचं घर होतं. गाडीचा आवाज ऐकून ती ओल्या हातांनी दारात आली. तिनं खोकं पाहिलं, मागे बसलेली आई पाहिली, आईचे सुजलेले डोळे पाहिले. रतीबानं नुसतं दोन्ही तळवे उघडून दाखवले, मोकळे आहेत म्हणून. आजूबाजूच्या दारांत सगळ्या बायका उभ्या असतानाच हानिमनं तोंडावर हात नेला, मान मागे टाकली आणि एक लांब, कापरा, लग्नात बायका जीभ हलवून काढतात तसा आनंदाचा पुकारा केला. त्यामागून दुसऱ्या दारातून दुसरा आला, मग तिसरा.

चोवीस वर्षांपूर्वी याच पुलावरून दोन गोधड्या आणि घंगाळ गेलं होतं. रतीबानं डोक्यावरच्या ओढणीनं तोंड झाकून घेतलं, नवरी झाकते तसं. हातांना लसणाचा वास येत होता. गाढव आपलं चालतच राहिलं.